उभं इंग्रजी, बैठं इंग्रजी

आमचे बडेबाबू खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल उभं राहून वाचायचे. बसून वाचलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"'शेक वेल बिफोर यूज' म्हणते ना ते? प्लीज नाई, माय डिअर नाई. सरळ हुकूम हाये. हुकूम बसून घेत असतात का, राजेहो?"

मग त्यांनी उभ्यानेच बाटली हलवली, उभ्यानेच घोट घेतला, आणि नंतर बसून मनसोक्त खोकले. खोकला खासगी होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमचा मुलूख नुकताच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. मारेगावात आमच्या खात्याची एक लहानशी कचेरी होती. खात्याचं नाव सांगत नाही, कारण माझं पेन्शन अजून तिथूनच येतं. कपाशीच्या हंगामात खिडकीतून कापसाचे पुंजके उडत येत आणि ओल्या शाईला चिकटत. लेटरहेडवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून शेजारी नव्या राज्याचा रबरी शिक्का मारायचा, हे माझं पहिलं सरकारी काम. पुढे चारेक वर्षांनी राज्य पुन्हा बदललं, तेव्हाही तेच लेटरहेड शिल्लक होतं. जुने कागद संपल्याशिवाय नवं राज्य खऱ्या अर्थानं सुरू होत नाही, असं बडेबाबूंचं ठाम मत होतं.

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. उंच, किडकिडीत, आणि शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. त्यांच्या लेखी जगात इंग्रजी दोनच प्रकारचं होतं, उभं आणि बैठं. उभं म्हणजे सरकारी, बैठं म्हणजे घरगुती. अमरावतीच्या शाळेत त्यांना एक मास्तर होते. ते अर्ज शिकवताना सगळ्या वर्गाला उभं करायचे आणि मित्राला पत्र शिकवताना बाकावर बसवायचे. बाकीची पोरं मॅट्रिक झाली आणि विसरली. बडेबाबूंच्या पायांत मात्र ती शिकवण कायमची भिनली. कागदावर 'सर' दिसलं की ते खुर्चीतून उठत, 'माय डिअर' दिसलं की बसत. मधला मजकूर काहीही असो.

खरी पंचाईत 'डिअर सर'ची होती. "एकाच माणसाले लाडका बी म्हणता अन साहेब बी म्हणता! काय ते ठरवा ना!" असं म्हणून ते टेबलावर दोन्ही हात टेकून अर्धवट उठत आणि पत्र संपेपर्यंत त्याच अवस्थेत राहत. कंबर दुखायला लागे, म्हणून 'डिअर सर'वाल्या पत्रांचा निकाल ते सगळ्यांत आधी लावून टाकत. हे गावात हळूहळू पसरलं. ज्याला काम लवकर हवं असे तो 'डिअर सर' लिही. एका ठेकेदाराने तर दर परिच्छेदाला 'डिअर सर' घातलं होतं. त्याचं काम त्याच दुपारी झालं, आणि बडेबाबू दोन दिवस कंबर शेकत घरी होते.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने एकदा रजेचा अर्ज लिहिला, "आय हॅव गॉट लूज मोशन्स. कान्ट कम." बडेबाबूंनी तो कागद चिमटीत धरून वर उचलला.

"'गॉट' हे बैठं. अन 'कान्ट' त चक्क लोळून राह्यलं. सरकारजवळ शाई कमी हाये का? पुरा शब्द लिवा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "बीइंग इनडिस्पोज्ड, आय ॲम अनेबल टू अटेंड."

कारकून पोट धरून उभा होता. तो म्हणाला, "पण बडेबाबू, मले काय झालं ते साहेबाले समजन का याच्यातून?"

"समजू नये म्हणूनच त उभं इंग्रजी असते," बडेबाबू म्हणाले. कारकुनाला पुढची चर्चा करायला वेळ नव्हता.

आमचा शिपाई जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. घरी गोर बोली, बाजारात वऱ्हाडी, ठेकेदाराशी हिंदी, असा त्याचा कारभार. तो मला म्हणे, "बाबूजी, माह्याजवळ तीन बोल्या हायेत, पण तिन्ही मी एका जागी बसून बोलतो. याइले एकाच बोलीसाठी किती उठाबशा!" हे त्याने एकदा बडेबाबूंसमोरच म्हटलं. बडेबाबूंनी त्यावर बराच विचार केला आणि गोर बोलीत अर्ज कसा लिहितात हे त्याला विचारलं. "लिहीत नाई," शिपाई म्हणाला, "जाऊन सांगतो." बडेबाबूंना त्याची फार दया आली.

पण या विषयातला खरा कान बडेबाबूंचा नव्हता, तो काकूंचा होता. काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेलेले होते. बडेबाबू महत्त्वाचा मसुदा घरी नेऊन त्यांना वाचून दाखवत. काकू सुपातले तांदूळ बोटांनी निवडत ऐकत असत. एकदा मी तिथे होतो. बडेबाबू उभे राहून खणखणीत वाचत होते, आणि काकूंनी मध्येच हात वर केला.

"अवो, तुमी उभे हा, पण हे वाक्य बसलं."

बडेबाबूंनी कागद डोळ्यांजवळ नेला. तिथे एक 'थँक्स' सापडला. त्यांनी तो खोडून 'आय शॅल रिमेन एव्हर ग्रेटफुल' असं केलं. तुम्हाला हे समजतं कसं, असं मी काकूंना विचारलं. "उभं इंग्रजी नाकातून येते, बैठं पोटातून येते," त्या म्हणाल्या. "त्यात काय समजाचं हाये, भाऊ?" पुढे तीस वर्षं मी सरकारी इंग्रजी लिहिलं ते या एका वाक्याच्या आधारावर.

त्यांचं भाड्याचं घर कचेरीच्या मागेच होतं. ते घर काकूंना पायांनी पाठ होतं. चुलीपासून न्हाणीपर्यंत किती पावलं, उंबऱ्याची कोणती बाजू झिजलेली, सगळं. घरातच नव्हे, गल्लीतही तेच. पिठाच्या गिरणीच्या आवाजाला डावीकडे वळायचं, तेलाच्या घाण्याचा वास आला की उजवीकडे भाजीवाली. त्या एकट्या जाऊन भाजी आणत आणि मेथीची जुडी नाकाशी नेऊन भाजीवालीशी भांडतही. त्या गल्लीत त्यांना कोणी आंधळी म्हणत नव्हतं, कारण तसं कुणाला आठवतच नसे.

आणि एक दिवस बडेबाबूंची बदली झाली. उमरखेडला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तीन आठवड्यांत हजर व्हा.

त्यांनी तो हुकूम उभ्याने वाचला आणि वाचून झाल्यावरही ते बसले नाहीत. तसेच खिडकीपाशी उभे राहिले. त्यांच्या घराचं मागचं दार तिथून दिसत असे. संध्याकाळी मी घरी गेलो तर काकू नेहमीसारख्याच होत्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "इथं मी चालतो. तिथं मले खाटेवर बसा लागन. नव्या घरी हात धरून फिरवन कोण? हे त जातीन हापिसात." हसत म्हणाल्या, पण सुपातले तांदूळ त्या दिवशी निवडून झाले नव्हते.

आम्ही कचेरीतले मात्र निश्चिंत होतो. कारण यवतमाळला नुकतेच बदलून आलेले मोठे साहेब हे बडेबाबूंचे शाळासोबती होते, अमरावतीच्या त्याच वर्गात, त्याच बाकावर. बदली रद्द करणं त्यांच्याच हातात होतं. "एक पत्र टाका की काम झालं!" मी म्हणालो.

"कोणतं पत्र?" बडेबाबू म्हणाले. "उभं का बैठं?"

आणि इथे सगळं अडलं. साहेबाला बैठं लिहावं तर खुर्चीचा अपमान. मित्राला उभं लिहावं तर मैत्रीचा अपमान. दोन दिवस त्यांनी जेवणात मीठ आहे की नाही हे सांगितलं नाही, असं काकू म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय घेतला, दोन पत्रं लिहायची. अर्ज साहेबांच्या कचेरीत, पत्र साहेबांच्या घरी.

अर्ज योग्य मार्गानं जायला हवा. योग्य मार्ग म्हणजे बडेबाबूंचं टेबल. त्यांनी अर्ज लिहिला, स्वतःला सादर केला, आवक क्रमांक घातला आणि ट्रेमध्ये सगळ्यांत खाली ठेवला. वर इतरांचे कागद होते ना. दोन दिवसांनी पाळी आली तेव्हा त्यांनी तो उभ्याने वाचला आणि समासात शेरा मारला, 'भाषा भावनाविवश. अर्जदारास परत.' मग खुर्ची थोडी मागे सरकवून त्यांनी तो अर्जदार म्हणून ताब्यात घेतला आणि पोच दिली.

"अहो, पण काय चुकलं होतं त्यात?" मी विचारलं.

"वाक्यात बायकोचे डोळे आले होते."

"कारणच ते आहे ना!"

"विषय बदलीचा हाये. अर्जात डोळे कायले येतीन? उभ्या इंग्रजीत अवयव येत नाई."

दुसरा अर्जही त्यांनी स्वतःला परत केला. तिसऱ्यात डोळ्यांच्या जागी 'डोमेस्टिक सर्कमस्टन्सेस' आले, आणि तेव्हा कुठे बडेबाबूंनी बडेबाबूंची शिफारस केली.

घरगुती पत्र त्यांनी मांडी घालून लिहिलं. सुरुवातच 'माय डिअर ढेऱ्या' अशी होती. मास्तरांच्या परसातले पेरू दोघांनी कसे चोरले, ढेऱ्या कुंपणात कसा अडकला, हे सगळं त्यात होतं. शेवटी काकूंचे डोळे गेल्याचं, त्या पावलं मोजून घर कसं चालवतात हेही होतं. मी ते दोनदा वाचलं. पण बदलीचं एक अक्षर नव्हतं.

"मित्राच्या पत्रात हापिसाचं काम काढाचं?" बडेबाबू म्हणाले. "छ्या!"

आठवड्याभरात दोन उत्तरं आली. कचेरीतून आलं ते असं, 'अर्जात पुरेसं कारण दिसून येत नाही. विनंती अमान्य.' घरून आलं ते 'माय डिअर लंब्या' पासून सुरू होत होतं. वहिनींच्या डोळ्यांचं वाचून घास उतरला नाही, काही लागलं तर हक्कानं सांग, असं त्यात चार पानं भरून होतं. दोन्हींवर एकाच माणसाची सही होती.

बडेबाबू इतके खूश झाले की विचारू नका. "पाहा! इकडचा शब्द तिकडं नाई, तिकडचा इकडं नाई! मास्तरचा खरा चेला हाये!" आणि त्याच आनंदात त्यांनी घरी जाऊन ट्रंका काढल्या. हजर व्हायला पाच दिवस राहिले होते. संध्याकाळी मी गेलो तेव्हा काकू घरभर फिरत होत्या. भिंत, कोनाडा, दाराची कडी, एकेकाला हात लावत होत्या. मला बडेबाबूंचा पहिलाच आणि शेवटचाच, पण खराखुरा राग आला.

ते बाहेर गेल्यावर काकूंनी मला विचारलं, "भाऊ, मले नीट सांगा. हापिसात काय गेलं अन घरी काय गेलं?"

मी सांगितलं. त्या आधी हसल्या, मग ट्रंकेवर टेकल्या.

"म्हंजे मागणं एका कागदात अन कारण दुसऱ्या कागदात. भाऊ, इंग्रजीचं नुसतं नाव हाये. त्याइले मागता येत नाई. लग्नात माह्या बापाजवळ पाणी बी मागतलं नव्हतं, तहानलेले बसले होते." मग म्हणाल्या, "ते दोन्ही कागद एका टाचणीत लावता येते का?"

बडेबाबू खासगी पत्राचीही स्थळप्रत ठेवत. काकूंनी फडताळातल्या दोन फायली नुसत्या चाचपून काढून दिल्या. मी अर्ज वर आणि पत्र खाली ठेवून टाचणी मारली. असं काही आमच्या कचेरीत कधी घडलं नव्हतं. काकूंनी नवऱ्याला सांगितलं, यवतमाळला बहिणीकडे जाते, भाऊ सोबत येतात. मी रजेचा अर्ज दिला आणि कारण लिहिलं, 'डोमेस्टिक सर्कमस्टन्सेस.' बडेबाबूंनी तो उभ्याने वाचला, म्हणाले, "सुधरले तुमी," आणि जागच्या जागी मंजूर केला.

पहाटेच्या बसने निघालो. करंजीला चहा घेतला. साहेब दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले होते तेव्हा आम्ही त्यांच्या बंगल्यावर पोचलो. पत्रातलं टोपणनाव वयानं खोटं पाडलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "साहेब, मले वाचता येत नाई, हे वाचतीन. तुमी फक्त ऐका."

मी अर्ज वाचायला घेतला. 'सर,' म्हणालो आणि साहेब आरामखुर्चीतून उठून उभे राहिले!

मी चपापलो. मास्तर किती खोल शिकवून गेले होते ते तेव्हा कळलं. अर्जाची दोन वाक्यं झाली आणि माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी पान उलटलं आणि 'माय डिअर ढेऱ्या' म्हणालो. साहेब धपकन बसले. पुन्हा वरचं पान, 'आय बेग टू रिक्वेस्ट', साहेब उभे. खालचं पान, पेरू, साहेब बसले. बदली, उभे. कुंपण, बसले. आरामखुर्ची कुरकुरत होती.

"भाऊ," काकूंनी मला हळूच विचारलं, "साहेब उठाबशा काहून काढून राह्यले?"

शेवटी मी काकूंच्या डोळ्यांचं वाक्य वाचलं, आणि त्याला जोडूनच, श्वास न घेता, बदलीचं. साहेब अर्धवट उठलेले, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, तसेच राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "त्यानं मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं ना. अर्धं हापिसात, अर्धं घरी."

"अन मी बी अर्धं-अर्धंच वाचलं," साहेब म्हणाले. डोळे पुसले, खुर्चीत नीट बसले आणि बसल्या बसल्याच कागदाच्या डोक्यावर हुकूम लिहिला. बदली रद्द.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण साहेबांनी तो गठ्ठा तसाच टाचणीसकट कचेरीत पाठवला. तिथल्या कारकुनाने कारकुनी धर्म पाळला. टाचणीत जेवढं आलं तेवढ्यावर त्याने गोल शिक्का मारला, क्रमांक घातला, आणि हुकुमासोबत सहपत्र म्हणून प्रती टंकून जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांना रवाना केल्या.

दोन दिवसांनी टपाल आलं. बडेबाबूंनी हुकूम उभ्याने वाचला. बदली रद्द झाल्याचं वाचून त्यांची मान क्षणभर खिडकीकडे वळली. मग त्यांनी पान उलटलं आणि ते खुर्चीत कोसळले.

"ढेऱ्या... रेकॉर्डवर?" ते पुटपुटले. "माह्या पेरूवर सरकारी शिक्का! उमरखेडले बी प्रत! पुसदले बी!"

टाचणी कुणी मारली हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. माझी टाचणी मारायची पद्धत त्यांनीच मला शिकवली होती. संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. ट्रंका पुन्हा माळ्यावर गेल्या होत्या. बडेबाबू मधल्या खोलीत उभे होते आणि हातात मेमो होता. खासगी कागद सरकारी कागदास बेकायदेशीरपणे जोडल्याबद्दल ताकीद, आणि त्याची नोंद सर्व्हिस बुकात. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर तेवढा एकच ठपका आहे. भाषा मात्र अप्रतिम होती, एकही अवयव आला नव्हता.

"पोच म्हणून सही करा," ते म्हणाले.

आतून काकूंनी विचारलं, "काय देऊन राह्यले भाऊले?"

"शिक्षा."

"मंग चहा देऊ का नको?"

बडेबाबू विचारात पडले. "चहा द्या," ते म्हणाले. "चहा खासगी हाये."

काकू स्वयंपाकघरातून निघाल्या. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले कप होते. उंबरा आला तिथे पाऊल आपोआप उचललं गेलं, खांबाला वळसा घातला गेला, आणि त्या थेट माझ्यासमोर येऊन थांबल्या. बशीत एक थेंब सांडला नव्हता. मी सहीसाठी पेन उघडलं, पण बडेबाबूंनी मेमो पुढे केलाच नाही. त्यांची नजर काकूंच्या पावलांवरून हलत नव्हती. कप माझ्या हातात आला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला आणि नाकातून नव्हे, पोटातून म्हणाले, "घ्या. आधी चहा घ्या."